पडद्याचे माप आणि ओट्याची भिंत : घर सजविण्याचा घरगुती हिशोब

रमजान ईदच्या महिनाभर आधी आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या तोंडावर आमच्या कापडाच्या पेढीवर पडदे, खोळी आणि चादरींची गिऱ्हाइके वाढतात. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चार फुटी खिडकी आहे, किती कापड लागेल?" काउंटरवरचा मुलगा झटकन उत्तर देतो, "साडेतीन मीटर." कापड फाटते, पैसे गल्ल्यात पडतात आणि व्यवहार पुरा होतो. पंचवीस-तीस वर्षे मीही असाच धंदा केला. हे उत्तर चुकीचे आहे, हे मला २०२१ साली एका गिऱ्हाइकाने न बोलता शिकविले.

त्या वर्षी जुलैत पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा चिखल अजून लोकांच्या मनातून गेला नव्हता, तोच पुन्हा शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाड्याकडची घरे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर एक विधवा भगिनी दुकानात आली. डिसेंबरात मुलीचा निकाह होता. घर पुन्हा उभे करायचे होते आणि हातातली रक्कम मोजकीच होती. एका रंग-कंत्राटदाराने तिला सांगितले होते की ऑइलपेंट मारला की ओल दिसत नाही. सप्टेंबरात त्याने भिंती रंगविल्या. माझ्या दुकानातून तिने सुती छापील कापड नेले, मीच माप सांगितले आणि तिने घरच्या मशीनवर पडदे शिवले. निकाहच्या आठ दिवस आधी स्वयंपाकघराच्या रंगाला फोड आले, खपल्या सुटल्या. पडदे तिने एकदा धुऊन लावले, तर साठ इंचाचा पडदा सत्तावन्न इंचांवर आला आणि खिडकीखालची उघडी भिंत दिसू लागली. कंत्राटदाराशी ती भांडली. माझ्याशी भांडली नाही. फक्त तीन इंचांची जोडपट्टी घ्यायला आली, तेव्हा मला कळले. तो छाप संपला होता.

म्हणून आज वाचक बंधू-भगिनींसाठी हा हिशोब सविस्तर मांडत आहे. घरी काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण जे तरुण कापडाच्या किंवा शिलाईच्या धंद्यात उतरू पाहतात त्यांनीही तो पाठ करावा.

प्रथम माप. माप लोखंडी टेपने घ्यावे, शिंप्याच्या कापडी टेपने नाही. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. माझ्या घरातली एक टेप मी लोखंडी टेपला लावून पाहिली तर दीड मीटरला जवळपास एक सेंटिमीटर सैल भरली. खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. जुन्या कोल्हापुरातल्या मातीच्या वा दगडी भिंतींच्या घरात एकही खिडकी काटकोनात नसते, आणि एका खोलीतल्या दोन खिडक्याही सारख्या नसतात. प्रत्येक खिडकीचे माप वेगळे लिहावे.

आता शब्दांचा एक घोळ. मी उर्दू शाळेत शिकलो. तिथे कापडाच्या लांबीला तूल आणि रुंदीला अर्ज म्हणत. धंद्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी इचलकरंजीच्या एका मुनीमजींना विचारले, "याचा अर्ज किती?" ते म्हणाले, "अर्ज कशाला, रोख द्या आणि घेऊन जा." मराठीत त्याला पन्हा म्हणतात. या पन्ह्यातच निम्मा हिशोब दडलेला आहे. कापड ३६, ४४, ४८, ५४ अशा वेगवेगळ्या पन्ह्यांत येते. मीटरचा भाव स्वस्त वाटतो तेव्हा पन्हा आधी विचारावा. ३६ इंची पन्ह्याचे कापड शंभर रुपये मीटर आणि ५४ इंची कापड एकशे चाळीस रुपये मीटर असेल, तर दुसरे स्वस्त आहे, कारण त्यात दीडपट कापड मिळते. दुसरा घोळ वार आणि मीटरचा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी आमच्या घरातल्या वयस्कर बायका आजही वारात बोलतात. वार ३६ इंचांचा, मीटर ३९ इंच आणि वर थोडा. सहा वारांचा हिशोब सांगून सहा मीटर घेतले तर कापड उरते. उलटे झाले तर पडदा अपुरा पडतो.

प्रत्यक्ष खिडकी घेऊ. रुंदी ४८ इंच, उंची ४८ इंच. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर काढावी, म्हणजे पडदा सरकविल्यावर उजेड अडत नाही. दांडी झाली ६४ इंच. पडद्याला चुण्या हव्यात, नाहीतर तो दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. साधारण दुप्पट कापड धरावे, म्हणजे १२८ इंच. कापडाचा पन्हा ४८ असेल तर दोन्ही कडांच्या दुमडीत तीन इंच जातात, उरतात ४५. १२८ ला ४५ ने भागले की दोनच्या वर आणि तीनच्या आत उत्तर येते. अर्धा-मुर्धा पट्टा दुकानात मिळत नाही, म्हणून तीन पट्टे.

मग लांबी. दांडी खिडकीच्या सहा इंच वर आणि पडदा खिडकीच्या सहा इंच खाली, म्हणजे तयार पडदा ६० इंच. वर नेफ्यासाठी चार इंच, खाली दुहेरी दुमडीसाठी सहा इंच. झाले ७०. इथपर्यंत पुष्कळ जण बरोबर येतात. पुढचा आकडा मी त्या भगिनीला सांगितला नव्हता. सुती कापड पहिल्या धुण्यात आवळते. शंभराला पाच इतके आवळणे धरून चालावे. धुतल्यावर ७० उरायचे असतील तर ७४ घ्यावे लागतात. तीन पट्टे गुणिले ७४ म्हणजे २२२ इंच, म्हणजे ५.६४ मीटर. दुकानात पावणेसहा मीटर मागावे. पन्हाही थोडा आवळतो, तरी तीन पट्टे पुरतात.

साडेतीन मीटर कुठे आणि पावणेसहा कुठे! दुकानदाराने जास्तीचे माप सांगितले की गिऱ्हाइकाला वाटते, हा कापड खपवतो आहे. म्हणून मी आता कागदावर हिशोब मांडून देतो. गिऱ्हाईक तो घेऊन दुसऱ्या दुकानात गेले तरी हरकत नाही. बहुतेक परत येतात.

छापील कापडात आणखी एक खोच असते. फुलांचा नमुना दर बारा इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टा नमुन्याच्या एकाच ठिकाणी सुरू झाला पाहिजे. तेव्हा ७४ चा पट्टा बाराच्या पटीत, म्हणजे ८४ चा धरावा लागतो. तीन पट्ट्यांना २५२ इंच, सुमारे ६.४ मीटर. हात आखडता असेल तर साधे किंवा बारीक चौकड्याचे कापड घ्यावे, त्यात हा खर्च निघत नाही.

कापड घरी आणल्यावर कात्री लावायची घाई करू नये. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी न पिळता सावलीत वाळवावे, किंचित ओलसर असताना इस्त्री करावी आणि मगच ७० इंचांचे पट्टे कापावेत. दोन पडदे करायचे तर प्रत्येकी दीड पट्टा येतो. अर्धा पट्टा भिंतीच्या बाजूला जोडावा, म्हणजे जोड चुणीत लपतो. खालची दुमड लगेच पक्की शिवू नये. पडदा कच्च्या टाक्यांवर दोन दिवस टांगून ठेवावा, वजनाने कापड सुटते, मग खाली टीप घालावी.

कापड पारखण्याच्या दोन घरगुती कसोट्या सांगतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे ते गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. तिथे मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात, नाहीतर धागे तुटतात. ही खळ धुऊन निघायची असते. पण हलक्या, विरळ विणीच्या कापडाला पुन्हा कांजी पाजून ते जाड भासविण्याची युक्तीही बाजारात आहे. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून जोरात चोळावा. पांढरी पूड उडाली आणि चोळलेली जागा जाळीसारखी दिसली, तर त्या कापडाचे वजन कांजीचे आहे. दुसरी कसोटी धाग्याची. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि ताटलीवर जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर आधी आकसते, वितळते आणि कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसते. पॉलिएस्टर वाईट असे मी म्हणणार नाही. ते आवळत नाही, उन्हात रंग जास्त टिकतो आणि आमच्या पावसाळ्यात लवकर वाळते. बैठकीच्या खोलीला ते खुशाल लावावे. स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

अस्तरासाठी महाग कापड घेऊ नये. मांजरपाट उत्तम. तो न धुतलेला, पिवळसर असतो आणि साध्या सुतीहून जास्त आवळतो, तेव्हा दोनदा भिजवून घ्यावा. घाऊक खरेदी करायची तर गांधीनगर जवळच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते लोक गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव तिथे वसले आणि त्यांच्या हातून ही कापडपेठ उभी राहिली. कटपीसचे गठ्ठे तिथे पाहायला मिळतात. पाच-सहा घरांनी मिळून एक गठ्ठा घेतला तर उशांच्या खोळी, मिक्सरची आच्छादने, ओट्याखालचे पडदे असे सगळे त्यात निघते. उरलेल्या चिंध्यांची वाकळ शिवणाऱ्या बाया आपल्या भागात अजून आहेत. माझ्या घरी दिवाणावर घातलेली वाकळ पाहून पुण्याचे पाहुणे ती विकत मागतात आणि आमच्याकडच्या सुना ती कपाटात लपवितात!

आता भिंत. पुराच्या किंवा पावसाच्या ओलीवर ऑइलपेंट मारणे म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढविणे. भिंतीच्या पोटातले पाणी बाहेर येऊ पाहते, रंगाचा थर ते अडवितो आणि शेवटी पाणी त्या थरालाच ढकलून देते. त्या भगिनीच्या घरी हेच झाले. रंग देण्यापूर्वी भिंत वाळली की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. हातभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. काढल्यावर आतल्या बाजूला घामासारखे थेंब दिसले तर भिंत ओली आहे. थांबावे. पंखा लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा कागद लावावा. पुरात भिजलेली जाड भिंत वाळायला महिने लागतात. त्याला औषध नाही.

भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला की क्षार पुन्हा भिंतीत शिरतो. अशा भिंतीला सगळ्यात स्वस्त आणि योग्य म्हणजे आपला जुना चुना. चुन्याच्या थरातून ओल बाहेर पडत राहते. मात्र कळीचा चुना भिजविताना तो उकळतो. मुलांना दूर ठेवावे, प्लॅस्टिकची बादली घेऊ नये, डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे हवेत. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. एक-दोन दिवस मुरल्यावर मांजरपाटातून गाळावा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. हात ताकासारखा पातळ असावा. दाट हात पापुद्रे होऊन गळतो. भिंत किंचित ओलसर करून तीन पातळ हात द्यावेत. जुना ऑइलपेंट असेल तर चुना त्यावर धरणार नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो.

ओट्यामागच्या भिंतीचा त्रास उलटा असतो. तिथे ओल नसते, फोडणीचे तेल असते. चिकटलेल्या तेलावर कोणताही रंग बसत नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून, मोजे घालून भिंत घासावी, साध्या पाण्याने दोनदा पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. बोट फिरवून पाहावे, चिकटपणा उरला असेल तर पुन्हा घासावे. मग १२० नंबरच्या काचकागदाने जुन्या रंगाची चमक मारावी, प्रायमरचा एक हात द्यावा आणि त्यावर इनॅमलचे दोन हात. भिंत कोरडी असल्याची खात्री झाल्यावर ऑइलपेंट इथे योग्य आहे, कारण तो पुसता येतो. एका हातानंतर दुसरा देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. डाग काढण्यासाठी ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

लाकडी किंवा प्लायवूडच्या दारांनाही हीच रीत लागू आहे. फक्त दारे उतरवून आडवी ठेवून रंगवावीत, म्हणजे रंग ओघळत नाही, आणि बिजागरीमागे पेन्सिलीने नंबर घालावेत. दार जुने पण घट्ट असेल तर नवा सांगाडा करण्याची गरज नाही, मुठी बदलल्या तरी ओटा नवा दिसतो. कडप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइट बसविण्याची हौस हल्ली फार आहे. कडप्पा गुळगुळीत असेल, भेग गेलेली नसेल, तर तो फोडू नये. फोडताना मागच्या फरशा आणि खालची मांडणीही जाते आणि तीन हजारांचे काम तीस हजारांवर पोहोचते.

स्वयंपाकघरातल्या पडद्याबद्दल मी कठोर बोलतो, गिऱ्हाईक गेले तरी चालेल. शेगडीच्या तीन फुटांच्या आत लोंबते कापड नको, सुती नाही आणि पॉलिएस्टर तर नाहीच. सुती भडकते आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. खिडकी शेगडीच्या मागेच असेल तर पडद्याऐवजी काचेला धुरकट कागद चिकटवावा. ओट्याखाली पडदा लावायचा तर भांड्यांच्या खणाला लावावा. सिलिंडरचा खण झाकून बंद करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून त्या खणाच्या तळाशी वारा खेळता हवा. रंगकामाच्या दिवशी रेग्युलेटर बंद करून स्वयंपाक दुसरीकडे करावा. टर्पेंटाइनची वाफही पेट घेते. ओटा नवा करताना रबरी नळीवर छापलेली तारीखही पाहून घ्यावी, पाच वर्षे झाली असतील तर ती बदलावी. वास आला तर दिव्याचे बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ हा क्रमांक लावावा.

दांडी बसविताना घरच्या घरी पातळी काढायची सोपी युक्ती गवंडी वापरतात. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके खिडकीच्या दोन बाजूंना धरावीत. दोन्हीकडचे पाणी जिथे थांबेल तिथे खूण. ड्रिलने भोक पाडून गिट्टी ठोकावी आणि मगच स्क्रू. पाच-सहा फुटांपेक्षा लांब दांडीला मध्ये एक आधार द्यावा, नाहीतर वर्षभरात ती वाकते.

जे घरी बसून हा धंदा करू इच्छितात त्यांना दोन शब्द. शिलाई खिडकीवर नव्हे, पट्ट्यावर आकारावी, कारण तीन पट्ट्यांच्या खिडकीला सहा पट्ट्यांच्या खिडकीच्या निम्मेच काम असते. माप स्वतः जाऊन घ्यावे आणि कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. कापडाची पूर्ण रक्कम आधी घ्यावी, शिलाई नंतर घेतली तरी चालते. समजा कापड दीडशे रुपये मीटर आहे, तर वरच्या खिडकीला पावणेसहा मीटरचे ८६२ रुपये ५० पैसे झाले. धागा, रिंगा किंवा नेफ्याची पट्टी आणि भिजवून इस्त्री करण्याची मेहनत वेगळी लिहावी. भिजविण्याचे पैसे मागायला बायका लाजतात. लाजू नये, त्या एका रात्रीमुळेच पडदा वर्षभराने आखूड दिसत नाही.

त्या भगिनीला मी पुढच्या उन्हाळ्यात पडद्याचे कापड फुकट देऊ केले. तिने निम्मी किंमत काउंटरवर ठेवलीच. भिंतींचा ऑइलपेंट मे महिन्यात तिने आणि तिच्या भावाने खरवडून काढला, प्लॅस्टिकचा कागद दोनदा लावून पाहिला आणि चुना दिला. आज ती गल्लीतल्या बायांचे पडदे शिवते. दुकानात येते तेव्हा मापे मीटरमध्ये लिहून आणते आणि माझा मुलगा कात्री उचलू लागला की म्हणते, "भाईजान, आवळण्याचे धरलेत ना?"